मागच्या खोलीतल्या कादंबऱ्या

नागपुरात ग्रंथालयशास्त्राची पदवी घेऊन मी घरी परतले, तेव्हा मी नेमकं काय शिकून आले हे कुणालाच नीट सांगता येत नव्हतं. आमच्या घरी पोवारी बोलतात. त्या बोलीत 'ग्रंथालयशास्त्र' म्हणायला शब्दच नाही, म्हणून आई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, पोरगी पुस्तकांचं शिकून आली. काकांनी एकदा जेवता जेवता विचारलं, "पुस्तकं कपाटात मांडायला पदवी कायले लागते?" ते चिडवत नव्हते, त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. मी वर्गीकरण समजावून सांगायला लागले. शेती कुठल्या आकड्यात येते, धर्म कुठल्या, स्वयंपाक कुठल्या. ते शांतपणे ऐकत होते. शेवटी म्हणाले, "म्हणजे मांडायलाच ना?" मला हो म्हणावं लागलं.

काही महिन्यांनी गोंदियाजवळच्या गोरेगावात, बाजाराला लागून असलेल्या वाचनालयात मला काम मिळालं. वाचनालय समिती चालवायची आणि समितीचे सचिव निवृत्त मुख्याध्यापक होते. सगळे त्यांना 'सर' म्हणायचे, मीही म्हणू लागले. आधीच्या ग्रंथपालबाईंचे गुडघे गेल्यामुळे त्यांनी काम सोडलं होतं आणि सरांना पदवी असलेलं माणूस हवं होतं. आमचं गाव तिथून जवळच, त्यामुळे स्कुटीनं जाणं-येणं सोपं होतं.

आत शिरलं की मोठा हॉल, हॉलमध्ये वर्तमानपत्रांचं टेबल आणि भरतीचा अभ्यास करणारी पोरं. ती आपापली गाइडं घेऊन यायची आणि संध्याकाळी घेऊन जायची. हॉलच्या टोकाला माझं देवघेवीचं टेबल. टेबलामागच्या दारातून गेलं की एक खोली, तिच्यात लोखंडी कपाटांमध्ये जुन्या कौटुंबिक कादंबऱ्या. खिडकी उघडली की बाजारातला सुकटीचा वास आत यायचा, म्हणून खिडकी बंदच असायची.

माझ्या वाचनाचं तोवर एक वेगळंच झालं होतं. शाळेत असताना मी हाताला लागेल ते वाचायचे. कॉलेजात शिकवलं की पुस्तकाचं वर्गीकरण करायला ते सगळं वाचायचं नसतं. शीर्षकपान बघायचं, त्याची मागची बाजू, प्रस्तावना, अनुक्रमणिका, शेवटची सूची. विषय कळला की आकडा द्यायचा आणि पुस्तक मिटायचं. मी त्यात फार पटाईत झाले. इतकी, की पुढे पुढे मला पुस्तक वाचताच येईना. कुठलंही पुस्तक हातात घेतलं की बोट आपोआप शीर्षकपानाच्या मागच्या बाजूला जायचं, आणि तेवढं पाहून झालं की काम संपल्यासारखं वाटायचं. दिवसभर पुस्तकांत असायचे आणि वाचत काहीच नव्हते. याला काय म्हणावं ते मला कळत नव्हतं, आणि कुणाला सांगावं असंही ते नव्हतं.

रोवणीचे दिवस होते. गावंच्या गावं धानाच्या बांध्यांत चिखल तुडवत होती, त्यामुळे वाचनालयात माणूस नव्हतं. एका दुपारी एक तरुण बाई दारात चप्पल काढून आत आली. डोक्यावर पदर, हातात दुमडलेली छत्री. टेबलापाशी येऊन हळूच म्हणाली, "दीदी, मराठी सीखने की किताब है क्या?"

ती डोंगरगडच्या पलीकडची, छत्तीसगडची. लग्न होऊन इथे आली होती. नवऱ्याचं बाजारामागे मोटारपंप दुरुस्तीचं दुकान आणि मुलगी पहिलीत. गोंदियात असते तर हिंदीवर निभावलं असतं, ती म्हणाली, पण इथे सासू बोलायला लागली की निम्मं डोक्यावरून जातं. मुलीच्या शाळेतून निरोप येतो तो कळत नाही. काही बोलायला जावं तर घरात सगळे हसतात. अक्षर ओळखीचं होतं, हिंदीचंच. अर्थ तेवढा हवा होता.

मी तिला लहान मुलांची चित्रांची पुस्तकं दिली. सोपी वाक्यं, मोठी अक्षरं. वाचकाची गरज ओळखून पुस्तक देणं याचा आम्हाला अख्खा पेपर होता, त्यामुळे मला बरं वाटलं.

दुसऱ्याच दिवशी तिनं ती परत आणली.

"आवडली नाहीत?"

"अच्छी हैं दीदी. लेकिन इसमें सब जानवर बात कर रहे हैं. मुझे आदमी लोगों की बात सीखनी है."

मग ती स्वतःच मागच्या खोलीत गेली. मी दारात उभी राहून बघत होते. ती एकेक कादंबरी काढायची, मधलंच पान उघडायची, पानभर नजर फिरवायची आणि परत ठेवायची. शेवटी एक घेऊन आली आणि मला पान दाखवलं. पानावर वरपासून खालपर्यंत अवतरणचिन्हं होती. "इसमें बहुत बात है," ती म्हणाली.

पुस्तक निवडायची ही रीत मी कुठल्याच पेपरात लिहिली नव्हती. मी नोंद केली, तारखेचा शिक्का मारला आणि पुस्तक तिच्या हातात दिलं. त्या पुस्तकाच्या पाठच्या कागदावर कितीतरी वर्षांनी शिक्का उमटत होता.

मग ती येतच राहिली. मुलीला शाळेत सोडलं की यायची, अडलेले शब्द विचारायची. मला वाटलं होतं हे सोपं जाईल. आपलीच तर भाषा.

"दीदी, माजघर?"

"घरातली मधली खोली."

"आपके घर में है?"

"नाही, आमच्याकडे तसं नसतं."

"पडवी?"

"छपरी. छपरीसारखं काहीतरी."

"और ये 'इश्श'?"

"लाजल्यावर म्हणतात."

"आप बोलती हो?"

"नाही."

"आपकी माँ?"

"नाही."

"तो कौन बोलता है?"

"पुण्याकडचे लोक. म्हणजे पूर्वी. आता बोलतात की नाही, मला माहीत नाही."

ती माझ्याकडे बघत राहिली. तिची चूक नव्हती. मराठीच्या गावात, मराठी वाचनालयात, मराठीच्या पुस्तकातला शब्द विचारला होता, आणि टेबलामागची बाई सांगत होती की हे कोण बोलतं ते तिला माहीत नाही.

त्यामुळे मला त्या कादंबऱ्या वाचाव्या लागल्या. ती नेईल ती मी आधी किंवा नंतर वाचायची असं ठरवलं. सुरुवातीला फार जड गेलं. शीर्षकपान उलटून पहिल्या पानावर यायलाच मनाला ढकलावं लागायचं. मग हळूहळू पानं सरकू लागली. मला त्या आवडत होत्या का? खरं सांगायचं तर अजूनही सांगता येत नाही. नायिका सारखी स्वयंपाकघरात रडायची. पत्र यायचं असायचं आणि पुस्तक निम्मं संपलं तरी यायचं नाही. मला तिचा राग यायचा, आणि राग येतानाच मी पान उलटायचे. एकदा एक गृहस्थ टेबलासमोर उभे राहून पेपर मागत होते आणि मला ऐकूच आलं नाही. त्यांनी टेबलावर टिचकी मारली तेव्हा मी दचकून वर पाहिलं. "मॅडम, ड्युटीवर आहात ना?" ते म्हणाले. मी वाचनालयात वाचत होते म्हणून मला ओशाळं वाटलं, आणि त्यात ओशाळण्यासारखं काय होतं याचाही उलगडा झाला नाही.

पाऊस संपून धान निसवायला आला, तेव्हा एक वयस्क बाई तरातरा हॉलमधून चालत माझ्या टेबलापाशी आली. अभ्यासाला बसलेली पोरं माना वर करून बघायला लागली.

"तुमीच का त्या पुस्तकवाल्या मॅडम?"

"हो. बसा ना."

"बसाले नाही आली. तुमी माया सुनेले का सिकवून राहिल्या?"

सून कोण ते मला लगेच कळलं. "मराठी," मी म्हटलं.

"हे मराठी होय? काल मी आंगनात बसली होती. ते येते आन म्हनते, 'सासूबाई, आपण अंमळ विश्रांती घ्यावी.' मले वाटलं, मायी तब्येत बिघडली आन डॉक्टरनं हिलेच सांगतलं. पोराले दुकानातून बोलावून घेतलं मी!"

मागे पोरं खुदुखुदु हसली. बाईंचं तिकडे लक्ष नव्हतं.

"आन नवऱ्याले म्हनते, 'इकडून येणं झालं का?' इकडून म्हनजे कुटून? तो बिचारा दाराकडे पाहून राहिला. मी म्हटलं, बाई, आमच्यासारखी बोल ना. तं मले म्हनते, ते असुद्ध आहे. मी असुद्ध आहो का, मॅडम?"

मला हसू येत होतं, पण हसता येईना. कारण शाळेत मलाही हेच सांगितलं होतं. 'काऊन' म्हणायचं नाही, 'का' म्हणायचं. नागपूरच्या होस्टेलवर मी एकदा "जाऊन राहिली" म्हणाले तर दुसऱ्या भागातल्या मुली आठवडाभर तेच वाक्य माझ्या मागे म्हणत होत्या. मी बोलणं बदलून घेतलं होतं. घरी पोवारी, बाजारात झाडीबोली, गोंदियात हिंदी आणि टेबलामागे हे असं, जसं मी आता लिहिते आहे. त्यातलं माझं कुठलं, हा प्रश्न मी स्वतःला विचारला नव्हता, आणि ही बाई मला तिचं शुद्ध की अशुद्ध ते विचारत होती.

"नाही हो, आजी," मी म्हटलं. "हळूहळू होईल ठीक."

"हळूहळू कायचं? तुमी बिघडवली, तुमीच ठीक करा." आणि आली तशी ती निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सून आली तेव्हा मी तिला समजावलं की पुस्तकातलं घरी बोलू नकोस, आजूबाजूला बोलतात तसं बोल.

"तो किताब गलत है?"

"नाही."

"सास गलत है?"

"नाही, नाही."

"फिर?"

मी म्हटलं, दोन्ही मराठीच आहेत. ती म्हणाली, मग मला एक कुठली तरी पक्की सांगा ना, दोन शिकायला वेळ कुठे आहे. तिनं नवी कादंबरी घेतली आणि गेली.

धान कापणी आटोपली आणि सरांनी एक दिवस मला मागच्या खोलीत बोलावलं. ते खिडकी उघडून उभे होते, बाहेर बाजार भरला होता. म्हणाले, "मॅडम, ही खोली मुलींसाठी अभ्यासिका करायचं समितीच्या मनात आहे. मुली हॉलमध्ये बसत नाहीत."

हे मला ठाऊक होतं. पोलीस भरतीची तयारी करणारी एक उंच, काटक मुलगी रोज सकाळी मैदानावर धावून मग वाचनालयात यायची आणि बाहेर पायऱ्यांवर बसून वाचायची. मी तिला एकदा आत बस म्हटलं होतं. ती म्हणाली, "मॅडम, पोरं काही बोलत नाहीत. पन पाहून राहतात." ऊन पायऱ्यांवर आलं की ती भिंतीकडे सरकायची, आणखी सरकायला जागा उरली नाही की घरी जायची. तिला खोली मिळायलाच हवी होती. त्याबद्दल माझ्या मनात काहीच शंका नव्हती.

"ही कपाटं काढावी लागतील," सर म्हणाले. "कोणती पुस्तकं बाद करायची याची यादी तुम्ही करा. तुमच्या शास्त्रात त्याचे नियम असतील ना?"

"आहेत," मी म्हणाले.

आणि ते होतेच. जी बरीच वर्षं कुणी नेली नाहीत, जी फाटली, जी कालबाह्य झाली, ज्यांच्या दोन प्रती आहेत, ती काढायची. परीक्षेत मी हे उत्तर छान लिहिलं होतं. मी कपाटं उघडून एकेका कादंबरीच्या पाठचा कागद बघायला लागले. बहुतेकांवर जुने, फिकट शिक्के आणि मग कोरी जागा. मात्र काहींवर ताजे निळे शिक्के, लागोपाठ. ते सगळे एकाच बाईचे. नियमाप्रमाणे टिकणार होत्या त्या तिनं निवडलेल्या कादंबऱ्या, आणि तिनं निवडल्या होत्या पानावर अवतरणचिन्हं जास्त होती म्हणून.

मी नागपूरला माझ्या बाईंना फोन लावला. त्यांनीच आम्हाला हा विषय शिकवला होता.

"वाचक किती आहेत त्या पुस्तकांना?" त्यांनी विचारलं.

"एक."

"मग एका वाचकासाठी खोली अडवून ठेवता येत नाही गं." मग त्याच म्हणाल्या, "पण असा वाचक मिळतो तरी कुठे? आमच्याकडे तर कुणी नाही." मग त्यांच्या तासाची घंटा झाली. "तू तिथे आहेस, तूच ठरव," म्हणाल्या आणि फोन ठेवला.

मी ठरवलं की कादंबऱ्या नेणाऱ्या त्या बाईच्या बाजूनं बोलायचं. समितीची बैठक व्हायची होती. एक तरी कपाट हॉलमध्ये कोपऱ्यात ठेवा, इथे एक बाई कादंबऱ्या वाचून मराठी शिकते आहे, हे वाचनालयाचं काम नाही तर काय, असं काहीबाही मी स्कुटीवर जाता-येता मनात म्हणून बघत होते. बोलण्यात चांगला जोर आला होता. बैठकीच्या आदल्या दिवशी ती आली तेव्हा मी तिला खोलीचं सांगितलं, आणि मी उद्या काय बोलणार आहे तेही.

तिचा चेहरा उजळला. मला वाटलं, माझ्यामुळे.

"दीदी, लेडीज़ लोगों का कमरा बनेगा? सच में?" ती म्हणाली. "बना दो ना. घर में बैठने को मिलता ही नहीं. मैं भी आकर बैठूँगी."

"आणि कादंबऱ्या?"

मग ती मराठीत आली, जरा विचार करून, तिच्या त्या पुस्तकातल्या मराठीत. "त्यांचं काय हो एवढं? मी तर वाचल्या की."

मला राग आला. कुणाचा ते कळेना. तिचा येण्यासारखं तिनं काही केलं नव्हतं. तिला मराठी हवी होती, ती मिळाली होती, आता बसायला जागा हवी होती. मग त्या कादंबऱ्या कुणाला हव्या होत्या? मी ज्या नायिकांवर चिडत होते, त्यांच्यासाठी मी भांडायला निघाले होते की काय?

बैठकीत मी कडेच्या खुर्चीवर बसले. सगळं बोलून झाल्यावर एक सभासद म्हणाले, "मॅडम, तुमचं मत काय?"

मी उभी राहिले. मनात म्हणून ठेवलेलं एकही वाक्य आठवलं नाही. "दोन्ही पाहिजे," मी म्हटलं.

ते हसले, पण चांगल्या मनानं. "खोली तर एकच आहे ना, मॅडम."

"मग मुलींना द्या," मी म्हणाले आणि बसले. पुन्हा उठले. "पण पुस्तकं सरळ रद्दीत घालू नका. बाजाराच्या दिवशी बाहेर मांडू. ज्याला पाहिजे तो नेईल." सर म्हणाले, चालेल, त्याची रीतसर परवानगी मी बघतो.

परवानगी आली आणि त्यानंतरच्या बाजाराला आम्ही वाचनालयाच्या ओट्यावर सतरंजी अंथरून कादंबऱ्या मांडल्या. बाजूला मिरच्यांचे ढीग, पलीकडे बांगड्यांचं दुकान. लोक थांबायचे, मुखपृष्ठावरच्या बाईकडे बघायचे, विचारायचे, "केवढ्याला?" फुकट आहे म्हटलं की हातातलं पुस्तक परत ठेवायचे. फुकट म्हटल्यावर त्यांना काहीतरी गोम वाटत असावी. एका शिक्षिकेनं निवडून काही नेल्या. एक म्हातारे गृहस्थ सगळ्यात जाड कादंबरी घेऊन गेले. म्हणाले, हिवाळा निघून जाईल. पुड्यांच्या कागदासाठी भजेवाला दोनदा येऊन उभा राहिला, पण सरांनी त्याच्याकडे नुसतं बघितलं आणि तो परत गेला.

दुपार कलल्यावर ती सासूबाई आली. हातात भाजीची पिशवी. मी सावरून बसले, आता काय ऐकायला मिळणार म्हणून. तिनं सतरंजीवर वाकून एकेक मुखपृष्ठ निरखलं.

"मॅडम, ते पुस्तक कोनतं होय, ज्याच्यात ते पोरगी मामाच्या घरी राहते?"

"तुम्ही वाचता?"

"मले कायचं वाचता येते! मी भाजी निवडतो, सून वाचून दाखवते. समजत नाही समदं, मंग तिलेच इचारतो. पन त्या मामीचं का का सोसून राहिली माय, ते पोरगी!" तिच्या डोळ्यांत खरोखर पाणी आलं. "मामा बिमार पडला तवा सुनेनं पुस्तक वापस करून टाकलं, तारीख झाली म्हने. मामा वाचला का नाही?"

मला आठवेना. मामाच्या घरी राहणाऱ्या अनाथ मुली त्या ढिगात पुष्कळ होत्या आणि मी त्या सगळ्या एकामागून एक वाचल्या होत्या. एका पुस्तकात मामा वारला होता, एकात मामीच वारली होती, एकात मामा बरा होऊन पस्तावला होता. मी पुस्तकं उलटीपालटी करून बघायला लागले. तिनं तोवर वाट पाहिली, मग कंटाळून समोरच्या तीन उचलल्या. "यातलं असंन एखादं," म्हणाली आणि भाजीवर ठेवून घेऊन गेली.

संध्याकाळी उरलेल्या कादंबऱ्या पोत्यांत भरल्या आणि गोंदियाच्या रद्दीवाल्याकडे गेल्या. पोती टेम्पोत चढवताना मी आत जाऊन बसले. थोड्या मी घरी आणल्या होत्या. आईनं त्या धानाच्या कोठीवर ठेवल्या आणि वर कपडा झाकला, धूळ बसू नये म्हणून.

खोलीला पांढरा रंग दिला, नवी टेबलं आली. उंच मुलगी पहिल्या दिवशी सगळ्यात आधी येऊन खिडकीजवळ बसली. आठवड्यात खोली भरली. सून मात्र दोनचारदाच आली, आणि मग यायची थांबली.

ती पुन्हा आली ती पेढे घेऊन. इथल्याच एका खासगी बालवाडीत तिला बाई म्हणून घेतलं होतं. मुख्याध्यापिका गोंदियाच्या, हिंदी बोलणाऱ्या. त्यांनी तिला विचारलं, मराठी येते का, थोडं बोलून दाखवा. तर ही म्हणाली, "मला लहान मुलांचा फार लळा आहे. त्यांच्या सहवासात वेळ कसा सरतो, ते समजतच नाही." मुख्याध्यापिका म्हणे थक्क झाल्या. बाकीच्या बायांना म्हणाल्या, इनसे सीखो, कितनी शुद्ध मराठी है. बाकीच्या बाया इथल्याच, आजूबाजूच्या गावांतल्या, जन्मापासून मराठी बोलणाऱ्या.

मी पेढा तोंडात धरून ऐकत होते. ही आपल्या वाचनालयाची कमाई समजायची की आपल्यामुळे झालेला घोटाळा, हे मला ठरवता येईना.

"मुलांना कळतं का तुझं बोलणं?"

ती हसायला लागली. "मी म्हणते, 'बाळांनो, इकडे या.' तर ते म्हणतात, 'काऊन?'" मग माझ्याकडे वाकून, जणू गुपित सांगावं तशी म्हणाली, "आता तेच सिकवून राहिले मले, दीदी." ते तिनं इतकं अचूक म्हटलं, अगदी सासूच्या सुरात, की मी उठून तिच्या पाठीवर थाप मारली. मला फार आनंद झाला होता, आणि हेवाही वाटला. ती दोन्हींत ये-जा करत होती आणि तिला कुठेच अडखळायला होत नव्हतं.

आता माझ्याकडून कादंबरी कुणीच नेत नाही. हॉलमध्ये पोरं, खोलीत मुली, सगळे आपापली गाइडं वाचतात. सर म्हणतात, वाचनालय कधी नव्हे इतकं भरलेलं असतं, आणि ते खरंच आहे. मी मधल्या टेबलाशी बसून घरून आणलेलं पुस्तक वाचते. सवय लागली आहे. ही चांगली की वाईट, मी यासाठी शिकले की दुसऱ्या कशासाठी, काका म्हणतात तसं नुसतं मांडायचं असतं की आणखी काही, असं मध्येच मनात येतं, आणि मी पान उलटते.

परवा दुपारी ती उंच मुलगी खोलीतून बाहेर आली. या वेळच्या भरतीत ती धावण्यात पुढे होती, पण गोळाफेकीत कमी पडली. पुन्हा तयारी करते आहे. पाण्याची बाटली भरून ती माझ्या टेबलापाशी रेंगाळली.

"मॅडम, तुमी रोज का वाचून राहता?"

"कादंबरी."

"परीक्षेत येते का?"

"नाही."

तिनं बाटलीचं झाकण लावलं, एक खुर्ची ओढली आणि बसली. "मंग सांगा. डोकं दुखून राहिलं माझं."

मी सांगायला लागले. एक मुलगी असते, तिचे आईवडील नसतात, ती मामाच्या घरी वाढते. मामी कशी होती ते मी पुष्कळ रंगवून सांगितलं. मामा आजारी पडतो ते सांगितलं. मग पत्र येतं, आणि ती रात्रंदिवस स्वयंपाकघरात राबून सासूचं मन जिंकते, इथवर आले तेव्हा तिनं मला थांबवलं.

"मॅडम, थांबा. ते तं मामाच्या घरी होती ना? मंग सासू कुटून आली? लग्न कवा झालं?"

लग्न खरंच झालं नव्हतं. मी एका पुस्तकातून दुसऱ्यात कधी गेले ते मला कळलंच नव्हतं.

"थांब, बघून सांगते," मी म्हटलं आणि मागच्या खोलीत जायला उठले. दारापर्यंत पोचल्यावर आतल्या मुलींनी माना वर केल्या, तेव्हा मला आठवलं की तिथे आता ते पुस्तक नाही.

मी परत येऊन बसले. ती वाट बघत होती. मग लग्न कधी झालं ते मीच ठरवलं, आणि पुढचं सांगू लागले.